गावातलं गाणं ऑनलाइन चढवताना : विदर्भातल्या भजनी मंडळांसाठी आणि गायकांसाठी

एखाद्या भजनी मंडळाची कॅसेट निघायची तेव्हा मंडळाच्या हातावर ठोक रक्कम पडायची आणि विषय तिथेच संपायचा. स्टुडिओचं भाडं, कव्हरची छपाई, बसस्टँडवरच्या दुकानापर्यंत माल पोचवणं, सगळं कंपनी पाहायची. किती नग खपले हे मात्र कधी कळायचं नाही. पुढे सीडी आली आणि तिच्या मागोमाग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारा आला. त्या दिवसांत गाणं प्रत्येक ट्रॅक्टरवर वाजलं, पण गायकाला दमडीही मिळाली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि ऐकणारा थेट यूट्यूबवर गेला. आता यवतमाळातल्या एखाद्या खेड्यातली भुलाबाईची गाणी पुण्यात नोकरीला गेलेली लेक त्याच दिवशी ऐकू शकते.

या बदलात कंपनी बाजूला झाली, पण तिची कामं कुठे गेली नाहीत. हक्कांचे कागद, स्वच्छ ध्वनी, नावांची नोंद, पैशांचा हिशेब हे सगळं आता मंडळातल्याच कोणाला तरी करावं लागतं. बहुतेक जण आधी रेकॉर्ड करतात, लगेच चढवतात आणि कागदाकडे भांडण झाल्यावर वळतात. खालचा क्रम म्हणूनच मुद्दाम वेगळा लावला आहे.

आधी वही काढा, मग पेटी

एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालक्या असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन करून घेतलं त्या निर्मात्याचं. याशिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क असतो, तो ५० वर्षे चालतो. तिन्ही मालक्या एकाच माणसाकडे असल्या तर प्रश्न नाही. मंडळात तसं सहसा नसतं.

सुरुवात शब्दांपासून करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो. तुकोबा, ज्ञानोबा, नामदेव, चोखोबा यांचे अभंग खुले आहेत, कोणाला विचारायची गरज नाही. पण आपल्याकडे खंजिरी भजनात जे सर्वात जास्त गायलं जातं, तिथेच चूक होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं, म्हणजे त्यांच्या पदांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. सप्ताहात भक्तिभावाने म्हणणं वेगळं आणि तेच पद रेकॉर्ड करून त्यावर जाहिरातीचे पैसे घेणं वेगळं. या दुसऱ्या कामासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. वामनदादा कर्डकांचं निधन २००४ चं, त्यामुळे त्यांची गीतं २०६४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. १४ एप्रिलच्या तोंडावर घाईघाईने भीमगीतांचा अल्बम काढणाऱ्यांनी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, दंडारीतली जुनी गाणी, जात्यावरच्या ओव्या ही परंपरेची. शब्द-चाल कोणा एकाची नाही, तुमचं मुद्रण तेवढं तुमचं. शेजारच्या गावाने तेच गाणं आपल्या आवाजात चढवलं तर तक्रार करायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि त्यांनाही तुमच्याविरुद्ध नाही. मात्र ‘पारंपरिक’ म्हणून मिळालेलं गाणं खरंच पारंपरिक आहे का, हे दोन-तीन जुन्या माणसांना विचारून घ्या. वीस-तीस वर्षांपूर्वी पलीकडच्या तालुक्यातल्या एखाद्या शाहिराने लिहिलेलं गाणं तोंडोतोंडी पसरून लोकगीत म्हणून समोर येतं, आणि त्याचा मुलगा अजून गावातच असतो.

आता चालीकडे. फिल्मी चालीवर आपले शब्द बसवणं ही भजनातली जुनी, आवडती रीत आहे. मांडवात ती चालते. यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा फक्त मूळ मुद्रण ओळखते असं नाही, नुसती चालसुद्धा ओळखते. चाल जुळली की व्हिडिओवर दावा लागतो, व्हिडिओ बहुधा राहतो, पण जाहिरातीचा पैसा संगीत कंपनीकडे जातो. कराओके ट्रॅक उतरवून त्यावर गाणं तर त्याहून वाईट, कारण तो ट्रॅक म्हणजे दुसऱ्याचं आयतं मुद्रणच. ज्या गाण्यातून उत्पन्न हवं त्याची चाल स्वतःची किंवा पारंपरिक ठेवा.

मग एक साधा कागद करा. त्यावर गाण्याचं नाव, गीतकार, चाल कोणाची, मुख्य गायक, पेटी, ढोलकी, खंजिरी, टाळ, कोरस, मुद्रणाचा खर्च कोणी किती केला, आणि उत्पन्नातून कोणाला किती टक्के. सगळ्यांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. वादकाला ठोक पैसे देऊन मोकळं करायचं असेल तर तेही लिहा, रकमेसकट.

बाहेरच्या ‘लेबल’ने, म्हणजे संगीत कंपनीने, करार पुढे केला तर सहीआधी दोन कलमं शोधा : मुदत आणि प्रदेश. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे करार लिहिणारे ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे दोन शब्द विसरत नाहीत. पाच हजारांसाठी कायमस्वरूपी शब्दावर सही करू नका. ५ वर्षांपेक्षा जास्त देऊच नका, असं आमचं मत आहे.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. तरी भांडण कोर्टात गेलं तर प्रमाणपत्र कामाला येतं. शब्द किंवा चालीसाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००. दहा गाण्यांपैकी जे खरंच चालेलसं वाटतं त्याचीच करा.

खोली, वेळ आणि कापूस

महाग माइकपेक्षा खोली महत्त्वाची. टिनाच्या छपराखाली, सिमेंटच्या उघड्या भिंतींत गायलं की आवाज डब्यात गायल्यासारखा येतो, आणि तो घुमारा नंतर कोणत्याही ॲपने जात नाही. स्लॅबची किंवा मातीची, कपाट-गाद्यांनी भरलेली लहान खोली निवडा. गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरी बांधून जाड गोधड्या लोंबत्या सोडा, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटवलेल्या गोधडीपेक्षा अंतर ठेवलेली गोधडी जास्त आवाज शोषते. खाली सतरंजी. टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर ‘टिंग’ असा शेपूट ऐकू आला तर आणखी एक गोधडी.

दिवाळीनंतर कापूस घरात भरलेला असतो. ती खोली म्हणजे फुकटचा स्टुडिओ : तीन भिंतींना छातीएवढा कापूस असला की घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. पण तीन गोष्टी सांभाळा. आत दिवा, बिडी, उदबत्ती, गरम होणारा हॅलोजन काहीही नको. वेचणीचा कापूस हलवला की धूळ उडते आणि गायकाचा घसा धरतो, म्हणून ढीग आदल्या दिवशी लावून घ्या, गाण्याच्या दिवशी हात लावू नका. आणि जास्त दिवस साठलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. त्या खोलीत दोन तासांपेक्षा जास्त कोणी बसत नाही, तेव्हा तालीम बाहेर सपरीत करून आत फक्त टेक घ्यायला जा.

वेळ पहाटे चार ते सहा. कूलर, पंखा, बोअरची मोटर, रस्त्यावरचे ट्रॅक्टर सगळं थांबलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये तर दुसरी वेळच नाही, कारण कूलर बंद करून दुपारी कोणी गाऊ शकणार नाही आणि चालू ठेवून रेकॉर्ड करता येणार नाही. कूलरचा आवाज नॉइज रिडक्शनने काढता येतो असं वाटतं. काढला की गायकाचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा होतो.

विजेची पिडाही आहेच. कमकुवत अर्थिंग असलेल्या घरात ५० हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरते. लॅपटॉपचं चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा गुणगुण तिथेच थांबते. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, तो वेगळीच करकर घालतो. लाईन जाण्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक टेकनंतर सेव्ह.

काय लागेल

सुरुवातीला फोन पुरतो. पण फोनचं स्वतःचं रेकॉर्डर ॲप किंवा कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतं. टाळ वाजला की गायक दबतो, टाळ थांबला की परत वर येतो. हे ऐकताना नीट समजत नाही, पण गाणं दमल्यासारखं वाटतं. पातळी हाताने ठेवता येईल असं ॲप घ्या आणि वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा, एमपी३ मध्ये नको. एमपी३ शेवटची पायरी आहे, पहिली नाही. फोन विमान मोडवर, नाहीतर मधल्या अंतऱ्यात कोणाचा तरी फोन येतो.

एक पायरी वर जायचं तर लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि सप्ताहात लाउडस्पीकरला लावतात तसा साधा डायनॅमिक माइक. गावातल्या खोलीत डायनॅमिकच बरा, तो लांबचा आवाज कमी घेतो. कंडेन्सर माइक नाजूक आणि गोड असतो, पण दोन गल्ल्या पलीकडची गायसुद्धा रेकॉर्ड करतो. कंडेन्सर घेतलाच तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण दाबल्याशिवाय तो चालत नाही. माइक खराब निघाला म्हणून परत करणाऱ्या कित्येकांनी फक्त ते बटण दाबलेलं नसतं. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी फुकट आहे आणि भजनाला पुरेसं आहे. फोनवरच सगळं करायचं असेल तर बँडलॅब.

बसायची रचना

सगळं मंडळ एकाच माइकवर घ्यायचं असेल तर मांडवातल्यासारखं गोल बसू नका. गायकाचं तोंड माइकपासून वीतभर, माइक थोडा तिरपा, म्हणजे ‘प’, ‘भ’, ‘फ’ चा फुंकर थेट आदळत नाही. पेटी चार फुटांवर, भाता गायकाच्या विरुद्ध बाजूला. भात्याची फुसफुस शांत आलापात स्पष्ट येते, म्हणून भाता जुना असेल तर आधी गळती दुरुस्त करा. ढोलकी आणि खंजिरी सहा-सात फुटांवर. टाळ दहा-बारा फूट मागे, शक्य तर दाराच्या बाहेर. टाळकऱ्याला हे आवडत नाही, पण टाळाचा आवाज कितीही मागे ठेवला तरी पुढेच येतो.

एक कडवं गाऊन मीटर बघा. सर्वात जोरात आलेली जागा वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या दरम्यान असावी. मीटरने शून्य गाठलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. मंडळ तालमीत हळू आणि खऱ्या टेकला जोरात गातं, हे गृहीत धरून पातळी आणखी थोडी खाली ठेवा.

चांगलं काम हवं असेल तर थरांनी रेकॉर्ड करा. आधी पेटी-ढोलकी, मग मुख्य आवाज, मग कोरस, शेवटी टाळ. मागचा थर कानात ऐकत पुढचा गायचा असतो आणि इथे एक चूक नव्वद टक्के नवखे करतात : ब्लूटूथचे इअरफोन. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा येतो, गायक त्या उशिरावर गातो आणि सगळं गाणं लयीच्या मागे पडतं. मग दोष ढोलकीवाल्याला जातो. वायरचाच हेडफोन वापरा.

पेटीचा सूर एकदा ट्यूनर ॲपवर तपासा. जुन्या पेट्या प्रमाण ४४० हर्ट्झपेक्षा थोड्या वर किंवा खाली असतात. नुसत्या पेटीवर गायलं तर काही बिघडत नाही, पण त्यावर कीबोर्डची बासरी चढवली की दोघं भांडतात. कीबोर्डमध्ये ट्यूनिंग पेटीएवढं सरकवता येतं, पेटी कीबोर्डएवढी सरकवायला कारागीर लागतो. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, खंजिरी आणि ढोलकी सकाळी एका सुरात आणि दोन तासांनी दुसऱ्या सुरात असते. एका गाण्याचे सगळे टेक एकाच बैठकीत संपवा.

मिक्सिंगमध्ये हात आखडता घ्या. गायकाच्या आवाजातून ८० हर्ट्झखालचं काढून टाका, ती नुसती गडगड असते. इकोची सवय लाउडस्पीकरने लावली आहे. मांडवात इको दूरवर पोचवतो, फोनवर तो शब्द खातो. सूर आपोआप सरळ करणारं ऑटोट्यून खंजिरी भजनाला लावू नये : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हाच त्या गायकीचा जीव आहे आणि ते यंत्र नेमकं तेच कापतं. तयार गाणं तीन ठिकाणी ऐका, वायरच्या हेडफोनवर, एखाद्या ऑटोच्या स्पीकरवर आणि सर्वात स्वस्त फोनच्या उघड्या स्पीकरवर. फोनच्या स्पीकरवर ढोलकीचा धुम, म्हणजे जाड आवाज, ऐकूच येत नाही, फक्त चाटीचा आवाज येतो. म्हणून चाट थोडी वर ठेवा. आवाजाची एकूण पातळी वजा १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास असली की बस. त्याहून मोठं केलं तरी स्पॉटिफाय आणि यूट्यूब ते खाली ओढतातच.

नाव एकदाच ठरवा

गायकाचं किंवा मंडळाचं नाव रोमन लिपीत कसं लिहायचं ते पहिल्या गाण्याआधी ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. एकदा ‘भजनी’, एकदा ‘भजन’, एकदा गावाचं नाव आधी, एकदा नंतर असं केलं की प्रत्येक ॲपवर तुमचे चार वेगवेगळे कलाकार तयार होतात आणि ऐकणारे चौघांत वाटले जातात. नाव नुसतं ‘गुरुदेव भजन मंडळ’ ठेवू नका. त्या नावाची मंडळं शेकड्यांनी आहेत, दुसऱ्याची गाणी तुमच्या पानावर आणि तुमची त्यांच्या पानावर जातील. सोबत गावाचं नाव जोडा.

प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. वितरक, म्हणजे गाणं वेगवेगळ्या ॲपवर पोचवणारी कंपनी, तो आपोआप देतो. तो वहीत उतरवून घ्या, कारण उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक परत द्यावा लागतो, नाहीतर जुने ऐकणारे मोजणीतून जातात. कव्हरचं चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. गुगलवरून उतरवलेला देवाचा किंवा संतांचा फोटो लावू नका, फोटोलाही मालक असतो. खंजिरीचा जवळून काढलेला स्वतःचा फोटो कधीही बरा दिसतो. गीतकार आणि संगीतकार हे रकाने रिकामे सोडू नका, पुढे रॉयल्टी त्याच नावाने शोधली जाते.

दोन वाटा, दोन्ही चालवायच्या

पहिली वाट यूट्यूब चॅनेलची. चॅनेल कोणाच्या जीमेलवर काढायचं, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. मंडळातला हुशार पोरगा स्वतःच्या जीमेलवर काढतो, वर्षभराने तो पुण्याला कंपनीत लागतो, नंबर बदलतो, आणि तीनशे व्हिडिओंचं चॅनेल कुलुपात जातं. मंडळाचा स्वतंत्र जीमेल काढा, चॅनेलच्या सेटिंगमधल्या परवानग्यांत आणखी दोघांना व्यवस्थापक करा, दुहेरी पडताळणी लावा आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून मंडळाच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. पासवर्ड कोणालाही फोनवर सांगू नका, ‘यूट्यूबकडून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

दुसरी वाट वितरकाची. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, ॲमेझॉन म्युझिक यांच्याकडे सुट्या गायकाला थेट जाता येत नाही, मध्ये वितरक लागतो. कोणी दरवर्षी वर्गणी घेतो, कोणी गाण्यागणिक एकदाच पैसे घेतो, कोणी फुकट चढवून उत्पन्नातला हिस्सा कापतो. वर्षाच्या वर्गणीची अट नीट वाचा, कारण काही ठिकाणी वर्गणी थकली की गाणी उतरवली जातात. वर्षात दोनच गाणी काढणाऱ्या मंडळाला हिस्सा कापणारा बरा. कॉलर ट्यूनची सोय आहे का ते विचारा, भक्तिगीताला तिथे अजून मागणी आहे.

वितरकाच्या फॉर्ममध्ये कंटेंट आयडीचा रकाना येतो. पारंपरिक गाण्यात लूप पॅकचे आयते ठेके वापरले असतील तर तिथे खूण करू नका. तोच ठेका वापरणाऱ्या दुसऱ्या गायकांच्या गाण्यांवर तुमचे खोटे दावे लागतील आणि वितरक तुमचंच खातं बंद करेल.

तारीख आधी ठरवून चढवा. प्रसिद्धीच्या किमान तीन-चार आठवडे आधी वितरकाकडे गाणं हवं, तरच स्पॉटिफायच्या संपादकांकडे सुचवता येतं आणि चूक निघाली तर दुरुस्त करायला वेळ राहतो. म्हणजे भुलाबाईची गाणी पोळ्याआधीच तयार, गुरुकुंज मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवाची भजनं गणपतीत तयार, ६ डिसेंबरचं अभिवादनगीत दिवाळीआधी तयार. झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची बुकिंग सुरू असताना तुमचं गाणं लोकांच्या तोंडी असलं तर त्याचा उपयोग, मार्चमध्ये नाही.

गावात पसरवताना व्हॉट्सॲपवर गाण्याची फाइल टाकू नका, लिंक टाका. फाइल हजार जणांनी ऐकली तरी मोजणी शून्य. रीलसाठी आलापाचा तुकडा नको, धृपदाचे पंधरा-वीस सेकंद घ्या.

सप्ताहाचं थेट प्रक्षेपण करायचा मोह होतो. मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलला ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा सोय चालू केल्यावर २४ तास थांबावं लागतं, ऐन वेळी बटण दाबून चालत नाही. ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण ३-४ एमबीपीएस अपलोड हवा. दुपारी रिकाम्या मैदानात मोजलेला वेग रात्री दोन हजार माणसं आणि त्यांचे फोन जमल्यावर उरत नाही. लाउडस्पीकरच्या मिक्सरमधून वायर थेट फोनच्या माइकच्या छिद्रात घातली तर आवाज पूर्ण फाटतो, तो सिग्नल फोनला झेपणारा नसतो. मध्ये इंटरफेस लागतो. आमचा सल्ला साधा आहे : रात्री नीट रेकॉर्ड करा, पहाटे चार वाजता चढवा.

दावा आला, स्ट्राइक आला

दोन्ही वेगळे आहेत, घाबरून व्हिडिओ उडवू नका. कंटेंट आयडीचा दावा म्हणजे बहुधा फक्त पैशाची दिशा बदलते, चॅनेलला धोका नाही. अभंग तुमच्या आवाजात, चाल पारंपरिक आणि तरी दावा आला, असं वारंवार होतं. तेव्हा हरकत नोंदवा, दोन ओळींत लिहा की शब्द कॉपीराइटमुक्त आहेत, चाल पारंपरिक आहे आणि मुद्रण आमचं आहे. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात, गप्प बसला तर दावा सुटतो. वेगवेगळ्या थरांच्या मूळ वेव्ह फाइल जपून ठेवल्या असतील तर तोच सर्वात मोठा पुरावा. स्ट्राइक, म्हणजे हक्कधारकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून यूट्यूबने चॅनेलवर ठेवलेला ठपका, मात्र गंभीर : ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. चूक तुमची असेल तर समोरच्याला फोन करून माफी मागणं आणि तक्रार मागे घ्यायला सांगणं हा सर्वात जलद रस्ता.

पैसा

यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनेलला मिळतात, शॉर्ट्समध्ये ४५. लांब भजनं तासांची अट लवकर भरून काढतात, म्हणून शॉर्ट्सच्या मागे लागून पूर्ण भजन टाकणं सोडू नका. स्पॉटिफायवर एखादं गाणं आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याची रॉयल्टीच मोजली जात नाही. म्हणून दहा अर्धवट गाण्यांपेक्षा दोन पक्की गाणी. व्ह्यूज विकत देणारे भेटतील. खोटं ऐकणं पकडलं गेलं की वितरक गाणं उतरवतो आणि खरे पैसेही अडकतात.

खरं उत्पन्न बहुतेकांना कार्यक्रमातूनच येतं, ऑनलाइन गाणं त्याची जाहिरात असतं. प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात पहिल्याच ओळीत मंडळाचा बुकिंगचा नंबर लिहा, आणि फोन आला की तारीख वहीत इसार मिळाल्यावरच चढवा.

गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम आणि ऑनलाइन वापराची रॉयल्टी ती गोळा करून सदस्यांना देते. गायक-वादकांसाठी इसम्रा ही तशीच संस्था आहे. गाणी नोंदवल्याशिवाय नुसतं सदस्य होऊन काही मिळत नाही.

यूट्यूबचे पैसे गुगलच्या ॲडसेन्स खात्यातून येतात, १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात पडत नाहीत, आणि पडतात ते पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान. आधी करविषयक फॉर्म भरा, त्यात पॅन क्रमांक द्या. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या उत्पन्नावर १५ टक्के कापले जातात, न भरल्यास सगळ्या जगातल्या उत्पन्नावर २४ टक्क्यांपर्यंत. वैयक्तिक खातं एकाच माणसाच्या नावावर निघतं, म्हणजे आयकरातही ते त्याचंच उत्पन्न दिसतं. इतरांचा वाटा त्याने बँकेतूनच द्यावा, रोख नाही.

१० डॉलर झाले की गुगल पत्त्याच्या खात्रीसाठी सहा अंकी पिन टपालाने पाठवतं. खेड्यात हे पत्र सर्वात जास्त हरवतं. पत्त्यात घरमालकाचं किंवा वडिलांचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड हे सगळं टाका, कारण एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात. साधं पाकीट येतं, रजिस्टर नाही, त्यामुळे पोस्टमनला आधी सांगून ठेवा. तीन-चार आठवडे वाट पाहून आलं नाही तर दुसरं मागवता येतं. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. सगळे प्रयत्न फसले तर ओळखपत्र चढवून खात्री करून घेता येते, पण ओळखपत्रावरचं नाव आणि ॲडसेन्समधलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आधारवर एक आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं नाव असेल तर हे काम चॅनेल काढण्याच्या आधी तहसीलच्या गावी जाऊन उरकून घ्या.